बेल्ट बदलला, आवाज का गेला नाही?

इंजिनाच्या पुढच्या बाजूने चिकचिक किंवा किर्र असा आवाज येऊ लागला की बहुतेक गाडीमालक एकच निदान करतात: फॅन बेल्ट गेला. गॅरेजमध्येही हे निदान सोयीचं पडतं. बेल्ट बदलतात, आवाज थांबतो आणि काही दिवसांनी पुन्हा सुरू होतो. माझं म्हणणं असं की, आवाज बेल्टमधून येतो म्हणून बिघाडही बेल्टमध्येच आहे असं धरून चालणं चूक आहे. दोष पुलीचा, टेन्शनरचा, बेअरिंगचा, गळणाऱ्या ऑइलचा किंवा चक्क अशक्त बॅटरीचा असू शकतो. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या वाचकाला हे पटवायला फारसे कष्ट पडू नयेत, कारण मुळाशी जाऊन कारण शोधण्याची शिस्त इथल्या हजारो माणसांच्या रोजच्या कामाचा भाग आहे.

टेल्कोचा, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सचा, पुण्याचा कारखाना १९६६चा. चाकणला २००९ साली फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. मर्सिडीज-बेंझ, महिंद्र आणि बजाज ऑटो यांचे कारखानेही त्याच परिसरात आहेत. या कारखान्यांत आणि त्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या लहान युनिटांत नग रिजेक्ट झाला की 'व्हाय-व्हाय' करायला बसतात. एकामागून एक 'का' विचारत मूळ कारण गाठायचं, ही टोयोटाची पद्धत. टोयोटाचे ताइची ओनो यांनी दिलेलं उदाहरण प्रसिद्ध आहे. मशीन बंद पडलं, कारण फ्यूज उडाला. फ्यूज उडाला, कारण लोड वाढला. लोड वाढला, कारण बेअरिंगला तेल कमी पडलं. तेल कमी पडलं, कारण पंप नीट ओढत नव्हता. पंप ओढत नव्हता, कारण त्याचा शाफ्ट झिजला होता; आणि शाफ्ट झिजला, कारण गाळणी नसल्याने धातूचा कीस आत जात होता. नवा फ्यूज टाकून मशीन चालू झालं असतं आणि पुन्हा बंदही पडलं असतं. हीच माणसं पाळी संपवून घरी जाताना स्वतःच्या गाडीचा आवाज ऐकतात, तेव्हा मात्र पहिल्या 'का'वरच थांबतात.

आधी बेल्टचं काम पाहू. क्रँकशाफ्टच्या पुलीवरून फिरणारा हा पट्टा अल्टरनेटर आणि एसीचा कॉम्प्रेसर चालवतो. अनेक गाड्यांत पाण्याचा पंप आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर त्याचा पंपही त्याच्याच जोरावर फिरतो. बेल्टच्या पाठीवर ६पीके१०७० असं काही छापलेलं असलं तर त्याचा अर्थ सहा रिब, पीके जातीचा आकार आणि १०७० मिलिमीटर लांबी. या रिब पुलीच्या खाचांत बसतात आणि सगळी ताकद निव्वळ घर्षणाने पुढे जाते. पकड सुटते, बसते, पुन्हा सुटते. हे भराभर होऊ लागलं की रबर थरथरतं आणि ती थरथर आवाज म्हणून ऐकू येते. म्हणजे पुढचा 'का' असा: पकड का सुटते?

इथे आवाजाची जात उपयोगी पडते. तुटक, ठरावीक लयीत येणारी आणि इंजिनाचा वेग वाढला की भरभर होणारी चिकचिक बहुधा अलाइनमेंटकडे बोट दाखवते. एखादी पुली किंचित पुढे-मागे किंवा तिरकी असली की रिब खाचेत सरळ उतरत नाही, कडेला घासत उतरते. सलग, कानात घुसणारी किंचाळी मात्र बेल्ट घसरत असल्याची खूण. दोन्हींतला फरक पाण्याने कळतो. इंजिन चालू ठेवून, बाह्या, ओढणी, हात सगळं लांब ठेवून, स्प्रेच्या बाटलीने बेल्टच्या रिबच्या बाजूवर थोडंसं पाणी उडवायचं. आवाज क्षणभर गप्प झाला आणि परत आला तर पुलीची रेषा तपासा. आवाज वाढला तर ताण कमी पडतोय. पावसाळ्यातल्या दमट सकाळी गाडी सुरू करताच येणारा आणि लगेच विरणारा आवाज यातून वगळावा. सुकल्यावरही तो टिकला तरच तपासाची गरज.

ताण कमी असला तरी बेल्ट दोषी ठरत नाही. समजा, सकाळी स्टार्टर मारल्यावर मिनिटभर किंचाळी येते आणि थांबते. का? बेल्ट अल्टरनेटरच्या पुलीवर घसरतो. का? अल्टरनेटरवर लोड जास्त आहे. का? उतरलेल्या बॅटरीला तो जोरात चार्ज करतोय. का? बॅटरी म्हातारी झाली आहे, किंवा गाडी रोज इतकी कमी धावते की ती पूर्ण भरतच नाही. चौथ्या 'का'ला आपण बेल्टपासून पार बॅटरीपाशी आलो. आवाज एसी लावल्यावरच येत असेल तर कॉम्प्रेसर संशयित. टेन्शनरची स्प्रिंग मेली असेल तर आयडलिंगला त्याचा हात डोळ्यांना दिसेल इतका नाचतो. आणि किंचाळीऐवजी घरघर असेल तर ते बहुधा बेअरिंग असतं. इंजिन बंद करून बेल्ट उतरवायचा आणि आयडलर, टेन्शनर, अल्टरनेटर यांच्या पुल्या एकेक करून हाताने फिरवायच्या. खराब बेअरिंगची खरखर बोटांना लगेच जाणवते.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. बेल्ट स्वस्त असतो, तपासात मेकॅनिकचा वेळ जातो, मग आधी बेल्टच बदलून पाहावा की! बेल्ट जुना असेल तर हे मलाही मान्य आहे. आजचे ईपीडीएम रबराचे बेल्ट पूर्वीच्या निओप्रीनसारखे लवकर तडकत नाहीत, टायरसारखे झिजतात. म्हणून 'भेग नाही, म्हणजे बेल्ट चांगला' ही जुनी पारख आता पुरत नाही, रिबची झीज पाहावी लागते. पण बेल्ट वर्षभरापूर्वीचाच असेल तर? नव्या रबराची पकड चांगली असल्याने ते तिरकी पुलीही काही काळ खपवून घेतं. आवाज थांबतो आणि आपण खूश होतो. तीच पुली मग नवा बेल्टही खाते, आणि आत बेअरिंग खरडत असेल तर मधल्या काळात त्याचं नुकसान वाढत राहतं.

दुसरा आक्षेप: स्प्रे मारला, साबण घासला की आवाज जातो, हा अनुभव खोटा आहे का? खोटा नाही. पण अशा चिकट थराला धूळ पकडते, आणि तळेगाव-चाकण रस्त्यावर अवजड वाहनांच्या मागे रोज चालणाऱ्या गाडीला धुळीची वाण नाही. ती धूळ रिबमध्ये बसून पट्टा आणि पुली दोन्ही घासते. शिवाय मेकॅनिकला जी खूण ऐकायला हवी, तीच आपण पुसून टाकलेली असते.

'नुसता आवाजच तर आहे, चालू दे' हा तिसरा आक्षेप मला सगळ्यांत धोक्याचा वाटतो. बेल्ट तुटला की बॅटरीचा लाल दिवा लागतो आणि चार्जिंग थांबतं. हायड्रॉलिक स्टिअरिंग एकाएकी जड होतं. पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल तर कूलंट फिरणं थांबतं आणि तापमानाचा काटा चढू लागतो. पुणे-नाशिक महामार्गावरच्या कोंडीत तशीच गाडी रेटली तर हेड गॅस्केटपर्यंत खर्च जातो.

राहिला मेकॅनिकच्या वेळेचा प्रश्न, आणि त्याचं म्हणणं रास्त आहे. सुटा भाग विकून त्याला पैसे मिळतात, अर्धा तास डोकं चालवून मिळत नाहीत. म्हणून गाडी देतानाच 'आधी तपासा, तपासणीची मजुरी वेगळी लावा' असं सांगावं, आणि काढलेला बेल्ट मागून घ्यावा. त्याची एकच कड विसकटलेली असेल तर पुली तिरकी आहे. रिब काचेसारख्या चकचकीत झाल्या असतील तर बेल्ट घसरत होता. रबर फुगून मऊ पडलं असेल तर त्यावर ऑइल गळतंय, आणि ती गळती बंद केल्याशिवाय नवा बेल्ट चढवू देऊ नये.