फोनचं चार्जिंग, परळीचं पाणी आणि कोपऱ्यातला राउटर

या आठवड्याच्या एपिसोडचा हा लिखित मजकूर. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त आकडे जरा नीट मांडलेत, म्हणजे तुम्हाला स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकता येतील.

आजचा विषय साधा आहे. आपला फोन, लॅपटॉप, राउटर हे सगळं मिळून वीज खातं किती, आणि त्याची काळजी आपण योग्य ठिकाणी करतोय का? मी सॉफ्टवेअरवाला माणूस. बी.टेक. झालंय आणि सध्या अंबाजोगाईत घरूनच काम करतो. त्यामुळे दिवसभर घरात कुठला ना कुठला चार्जर लावलेला असतो, आणि दर दोन तासांनी एक वाक्य कानावर येतं: "ते बटन बंद कर, बिल वाढतंय!" तुमच्याकडंही हेच असणार. तर आज या वाक्याचा हिशेब करू.

फोन किती खातो?

आधी 'युनिट' म्हणजे काय ते बघू. १,००० वॉटची वस्तू एक तास चालली की एक युनिट. १०० वॉटची वस्तू दहा तास चालली तरी एकच युनिट. बस, एवढंच.

आता फोन घ्या. हल्ली बहुतेक फोनची बॅटरी ५,००० एमएएचची असते. तिचा व्होल्टेज साधारण ३.८५. दोन्हींचा गुणाकार केला की होतात १९ वॉट-तास. चार्जर गरम होतो, फोन गरम होतो, त्यात थोडी वीज वाया जाते. ती धरून २५ वॉट-तास म्हणू. म्हणजे एका युनिटमध्ये फोन ४० वेळा पूर्ण चार्ज होतो. रोज शून्यापासून शंभरपर्यंत चार्ज केला तरी वर्षाचे ९ युनिट. युनिटला १० रुपये धरले तर वर्षाचे ९० रुपये.

आणि फोन काढल्यावर सॉकेटमध्ये नुसताच राहिलेला चार्जर? चांगल्या चार्जरचं ते खाणं इतकं कमी असतं की बिलात दिसतही नाही. बटन बंद करायची सवय सुरक्षिततेसाठी चांगलीच आहे, ती ठेवा. पण त्यानं बिल कमी होईल ही आशा सोडा.

आता टीव्हीच्या मागं किंवा कोपऱ्यात लुकलुकणारा वायफाय राउटर बघा. तो जेमतेम ८ वॉटचा, पण कधीच झोपत नाही. आठ गुणिले २४ तास, गुणिले ३६५ दिवस, म्हणजे वर्षाला ७० युनिट. जवळपास आठ फोनचं वर्षभराचं चार्जिंग एकटा राउटर खातो. बऱ्याच सेट-टॉप बॉक्सचंही तेच. रिमोटनं टीव्ही बंद केला तरी बॉक्स आतून जागाच असतो.

पंखा तर याहून मोठा गडी. जुना पंखा ७५ वॉटचा, नवा बीएलडीसी पंखा साधारण ३० वॉटचा. रोज १२ तास, वर्षातले २५० दिवस धरले तर दोघांत १३५ युनिटचा फरक पडतो. म्हणजे पंधरा फोनचं वर्षभराचं चार्जिंग. आईला सांगायचं असेल तर हा आकडा सांगा.

एक युनिट म्हणजे परळीत काय?

"मग ७० युनिटनं काय होतंय? सातशे रुपयेच ना?" असं कुणी म्हणेल. पैशाचं सोडा. आपल्या बीड जिल्ह्यातल्या पोरांना युनिटचा दुसरा अर्थही माहीत पाहिजे, कारण वीज बनते कशी हे आपण रोज डोळ्यांनी बघतो. परळीचं औष्णिक विद्युत केंद्र १९७१ पासून आहे. जुने संच आता बंद झाले, २५० मेगावॉटचे तीन राहिले.

तिथं कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात, वाफेवर टर्बाइन फिरतं. वापरून झालेली वाफ परत थंड करावी लागते, आणि त्यासाठी लागणारं पाणी कूलिंग टॉवरमधून हवेत उडून जातं. ते उंच, मडक्यासारखे टॉवर धूर सोडत नाहीत, पाण्याची वाफ सोडतात.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०१५ मध्ये नियम केला की कूलिंग टॉवर असलेल्या जुन्या केंद्रांनी एका युनिटमागं जास्तीत जास्त साडेतीन लिटर पाणी वापरावं. ही कमाल मर्यादा हिशेबाला धरू. कोळसा युनिटला अर्ध्या किलोहून जास्त, साधारण ६५०-७०० ग्रॅम. आपल्या देशी कोळशात राख ३० ते ४० टक्के, म्हणजे युनिटमागं दोनशे-अडीचशे ग्रॅम राख.

आता परत राउटरकडं येऊ. त्याचे ७० युनिट कोळशावर बनले तर जवळपास ५० किलो कोळसा, १५ किलो राख आणि २४५ लिटर पाणी. आपल्याकडं लग्नात असतात ते २० लिटरचे जार डोळ्यासमोर आणा. बारा जार. फोनचं वर्षभराचं चार्जिंग मात्र दीड जारात भागतं.

हे पाणी आपल्याकडं किती महाग आहे ते २०१३ मध्ये दिसलं. दुष्काळात गोदावरीवरचा खडका बंधारा आटला आणि त्या फेब्रुवारीत परळीचं केंद्र बंद ठेवावं लागलं. कोळसा होता, यंत्रं होती, माणसं होती, पाणी नव्हतं. जुलै २०१५ मध्ये पुन्हा तेच झालं. पुढच्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते तुमच्यातल्या अनेकांना शाळेतलं आठवत असेल.

इथं कुणीतरी हुशार श्रोता हात वर करणार: "दादा, आपल्या घरातली वीज परळीचीच असते असं कुठं आहे?" बरोबर आहे. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर-सोलापूर लाइन जोडली गेली आणि देशाचं ग्रिड एक झालं. तुमच्या सॉकेटमध्ये कोराडीची, गुजरातच्या सोलरची, आपल्या पाटोद्याकडच्या पवनचक्कीची, सगळ्यांची वीज मिसळून येते. पण त्या मिसळीत सर्वांत मोठा वाटा अजून कोळशाचाच आहे. परळीत नाही तर दुसऱ्या कुठल्या तरी गावात पाणी उडतंय आणि राख पडतेय. वाचवलेला युनिट कुणाच्या तरी गावाला उपयोगी पडतो, एवढं नक्की.

खरा खर्च डब्यात बंद असतो

आता आजचा मुख्य मुद्दा. फोनचं चार्जिंग किरकोळ आहे, पण फोन किरकोळ नाही.

फोन बनवायला खाणीतून धातू काढावे लागतात, चिप बनवायच्या कारखान्यात प्रचंड वीज आणि अतिशुद्ध पाणी लागतं. ॲपल कंपनी आपल्या प्रत्येक फोनचा कार्बनचा हिशेब स्वतः छापते. आयफोन १५ चा सगळ्या आयुष्याचा आकडा ५५ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड आहे, आणि त्यातला जवळपास ८० टक्के भाग नुसता फोन बनवण्यात जातो. म्हणजे तुम्ही डबा उघडण्याआधीच ४५ किलोच्या आसपास खर्च झालेला असतो.

आपल्या ग्रिडवर एका युनिटमागं सरासरी ७०० ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो. फोनचे वर्षाचे ९ युनिट म्हणजे साडेसहा किलोच्या आत. हिशेब करा: एक फोन बनवण्यात सात वर्षांच्या चार्जिंगइतका कार्बन जातो. दर दोन वर्षांनी फोन बदलणारा माणूस रोज चार्जरचं बटन बंद करून पर्यावरण वाचवतोय, हे म्हणजे पाइपलाइन फुटलेली ठेवून नळाला चिंधी बांधण्यासारखं झालं.

म्हणून माझं मत सरळ आहे. फोन पाच वर्षं चालवा. त्यासाठी तीन गोष्टी.

पहिली, बॅटरीला उन्हापासून जपा. लिथियम बॅटरीला दोन गोष्टी मारतात: उष्णता, आणि सतत शंभर टक्क्यांवर भरून राहणं. आपल्याकडं मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर. त्यात गाडीच्या हँडलला फोन लावून मॅप चालू, किंवा बांधावर उन्हात फोन ठेवून व्हिडिओ चालू, असं करू नका. बऱ्याच फोनमध्ये आता ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सेटिंग असते, ती चालू करा.

दुसरी, बॅटरी दमली म्हणजे फोन गेला असं नाही. चांगल्या ठिकाणी बॅटरी बदला, फोनला आणखी दोन वर्षं मिळतात.

तिसरी, फोन घेताना कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी "अपडेट किती वर्षं देणार?" हे विचारा. गूगलनं पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगनं गॅलेक्सी एस२४ पासून सात वर्षं अपडेट द्यायचं जाहीर केलंय. स्वस्त फोनमध्ये हा आकडा बराच कमी असतो. दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या साइटवर बघा.

जुना कॉम्प्युटर भंगारात घालू नका

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट बंद केला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा चिप आणि साधारण २०१८ नंतरचा प्रोसेसर लागतो. म्हणजे २०१६-१७ चा धडधाकट कॉम्प्युटर एका तारखेनं म्हातारा ठरला. शाळेत, क्लासमध्ये, दुकानात असे कितीतरी आहेत.

त्यांना भंगारात घालायची घाई नको. जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी टाका, आणि लिनक्स मिंट नावाची फुकट सिस्टीम टाका. ब्राउझर, यूट्यूब, टायपिंग, पोरांचं कोडिंग सगळं चालतं, मराठी टायपिंगसुद्धा. अपवाद एकच सांगतो: सेवा केंद्रात अंगठ्याचं मशीन आणि डिजिटल सही लागते, त्यांची सॉफ्टवेअर बहुतेकदा विंडोजवरच चालतात. तिथं हा सल्ला देत नाही.

नवीनच घ्यायचं असेल तर मात्र वीज बघा. स्क्रीनसकट डेस्कटॉप १०० वॉटच्या पुढं जातो, साधा लॅपटॉप ३० वॉटच्या आसपास. रोज आठ तास काम असेल तर फरक दिवसाला अर्ध्या युनिटहून जास्त.

आणि लाइट गेल्यावरचं एक. इन्व्हर्टरवर राउटर चालवला की वीज आधी बॅटरीत जाते, मग २३० व्होल्ट होते, मग अडॅप्टर तिला पुन्हा १२ व्होल्ट करतो. प्रत्येक पायरीवर गळती. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस मिळतो, तो सरळ १२ व्होल्टच देतो. घरून काम करणाऱ्यांनी तो घ्यावाच.

श्रोत्यांचा प्रश्न: एआय लई वीज खातं का?

गूगलनं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं की जेमिनीला विचारलेल्या एका मध्यम लेखी प्रश्नाला ०.२४ वॉट-तास लागतात. कंपनीचाच आकडा आहे, हे लक्षात ठेवून घ्या. त्या हिशेबानं शंभर प्रश्न म्हणजे एक फोन चार्जिंग. अभ्यासाला दहा प्रश्न विचारले म्हणून अपराधी वाटून घेऊ नका. पण कोट्यवधी लोकांचं एकत्र केलं की डेटा सेंटर उभी राहतात, आणि त्यांना वीज आणि पाणी दोन्ही लागतं. ती कुठं उभी राहतात आणि पाणी कुठून घेतात, हा प्रश्न विचारायचा हक्क दुष्काळी भागातल्या माणसाइतका कुणालाच नाही.

या आठवड्याचा गृहपाठ

माझ्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. घरच्या वीज मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. त्याच्याजवळ एक आकडा छापलेला असतो, बऱ्याच मीटरवर ३२००. म्हणजे दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. घरातलं सगळं बंद करा, एकच वस्तू चालू ठेवा, आणि दोन लुकलुकींमधले सेकंद फोनच्या स्टॉपवॉचवर मोजा. ११२५ ला त्या सेकंदांनी भागा, आलं उत्तर वॉटमध्ये. पंधरा सेकंद आले तर ७५ वॉट. मीटरवर दुसरा आकडा असेल तर ३६ लाखाला आधी त्या आकड्यानं आणि मग सेकंदांनी भागा. राउटरसारख्या छोट्या वस्तूला दोन लुकलुकींमध्ये दोन-अडीच मिनिटं लागतील, धीर धरा.

आधी पंखा मोजा, मग सेट-टॉप बॉक्स 'बंद' करून मोजा. जे आकडे येतील ते मला पाठवा, गावाच्या नावासकट. पुढच्या एपिसोडमध्ये वाचून दाखवतो. आणि रात्री झोपताना चार्जरसोबत सेट-टॉप बॉक्सचंही बटन दाबा.

चला, भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या, फोन उन्हात ठेवू नका!