रोजगार हमी – लेखांक 9 : पगारातले दोनशे रुपये

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारपत्रकात कपातीच्या रकान्यात ‘व्यवसाय कर’ किंवा नुसतेच ‘पीटी’ लिहिलेले असते आणि त्यापुढे 200 रुपये. फेब्रुवारीत हा आकडा 300 होतो. शहरात दुकानाची किंवा कचेरीची जागा असेल, तर मालमत्ता कराच्या देयकात ‘रोजगार हमी उपकर’ अशी स्वतंत्र ओळ असते. या दोन्ही वसुल्यांचा संबंध खेड्यात काम मागायला येणाऱ्या मजुराशी आहे. हजेरीपटावरचा लेख वाचून ‘मजुरीचा पैसा येतो कुठून’ अशी विचारणा वाचकांकडून आली. त्यामुळे कामाच्या मोजमापाचा ठरलेला विषय पुढे ढकलून हा लेखांक पैशाला दिला आहे.

रोजगार हमीची कल्पना मांडणारे वि. स. पागे यांनी 1965 मध्ये तासगाव तालुक्यात विसापूरला तिचा प्रयोग केला, तेव्हा निधी हा मोठा प्रश्न नव्हता. काम थोड्या गावांपुरते होते. रोजगार हमी योजना 1972 मध्ये राज्यासाठी जाहीर झाली आणि पाठोपाठ दुष्काळ आला. खडी फोडणे, पाझर तलाव, रस्ते अशा कामांवर लाखो माणसे राबली. तो खर्च आपत्तीचा खर्च म्हणून झाला. दुष्काळ सरल्यावर खरा पेच उभा राहिला. पाऊस पडो न पडो, काम मागेल त्याला द्यायचे, तर दर वर्षी हमखास येणारे उत्पन्न हवे. अंदाजपत्रकात उरलासुरला पैसा असेल तर काम, नसेल तर नाही, असे म्हणून हमी देता येत नाही.

या पेचातून व्यवसाय कर आला. राज्याचा व्यवसाय, व्यापार, आजीविका व नोकऱ्या यांवरील कराचा कायदा 1 एप्रिल 1975 पासून लागू झाला. त्याच्या जोडीला मोटार वाहने, विक्रीकर, बागायती जमीन आणि शहरांतल्या अनिवासी इमारती यांवर जादा कर व उपकर बसवले गेले. जेवढे उत्पन्न या करांतून येईल, तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी, असे ठरले. पुढे रोजगार हमी अधिनियम झाला, 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला आणि रोजगार हमी निधीला कायद्याचा आधार मिळाला. देशात मनरेगा येण्याआधी सुमारे पाव शतक एका राज्याने कामाचा हक्क कायद्यात लिहिला आणि त्यासाठी स्वतःच्या नागरिकांवर कर बसवला. कराचा मोठा वाटा मुंबईतून येई आणि खर्च होई तो जिरायती तालुक्यांत. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातला हा अतिशय मोलाचा करार आहे.

फेब्रुवारीच्या 300 रुपयांचे कारण राज्यघटनेत आहे. अनुच्छेद 276 राज्यांना असा कर लावण्याची मुभा देतो, पण एका व्यक्तीकडून वर्षाला किती घ्यायचा याची मर्यादाही घालतो. ही मर्यादा मुळात 250 रुपये होती. साठाव्या घटनादुरुस्तीने 1988 मध्ये ती 2,500 झाली. अकरा महिने दोनशे म्हणजे 2,200. उरलेले 300 फेब्रुवारीत कापले की मर्यादा पुरी भरते. पुरुष कर्मचाऱ्याचा पगार दरमहा 10,000 रुपयांच्या वर गेला की हा पूर्ण दर लागतो. स्त्रियांना 1 एप्रिल 2023 पासून 25,000 रुपयांपर्यंत सूट आहे. मालक कामगारांच्या पगारातून कर कापून भरतो. वकील, डॉक्टर, व्यापारी स्वतःची नावनोंदणी करून वर्षाचे 2,500 भरतात. तमिळनाडू आणि केरळात हाच कर स्थानिक संस्था घेतात. महाराष्ट्रात तो राज्य घेते, कारण रोजगार हमी ही राज्याची जबाबदारी मानली गेली.

या रचनेत दोन दोष आहेत. पहिला उघड आहे. महिना अकरा हजार कमावणारा सुरक्षारक्षक आणि महिना पाच लाख कमावणारा अधिकारी सारखेच 2,500 रुपये भरतात. शिवाय 1988 नंतर मर्यादा हललेली नाही, म्हणजे महागाईने कराचे मोल झिजत गेले आहे. चौदाव्या वित्त आयोगाने ती 12,000 करावी अशी शिफारस केली होती. त्यासाठी लागणारी घटनादुरुस्ती झालेली नाही. मर्यादा वाढली तर खालच्या टप्प्यांना सूट देऊन वरच्यांकडून अधिक घेता येईल. हीच न्याय्य वाट आहे.

दुसरा दोष अधिक गंभीर आहे. कर थेट रोजगार हमी निधीत पडत नाही. तो आधी राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तिथून विधिमंडळाच्या मंजुरीने वर्ग केला तरच रोजगार हमी निधीत येतो. ही मधली पायरीच निसरडी ठरली. मजुरी 1988 मध्ये वाढली आणि त्यानंतर कामावरच्या माणसांचे दिवस वाढण्याऐवजी घटले. अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हेलियन आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासाने दाखवले की काम हात आखडून दिले जाऊ लागले होते. कर मात्र चालूच राहिले. जमा झालेला सगळा पैसा निधीत वर्ग होत नाही, यावर महालेखापरीक्षकांनीही बोट ठेवले. नव्वदच्या दशकात याच योजनेतून फळबाग लागवडीला अनुदान मिळाले. त्यातून डाळिंब आणि आंब्याच्या बागा उभ्या राहिल्या, हे चांगलेच झाले. पण भूमिहीन मजुराला बाग लावायला जमीन नव्हती. पुढे मनरेगा आली. शंभर दिवसांपर्यंतची अकुशल मजुरी केंद्र देऊ लागले आणि राज्यावरचा भार हलका झाला. व्यवसाय कर होता तसाच राहिला.

एका कारणासाठी घेतलेला कर दुसरीकडे वळवणे तिजोरीच्या सोयीचे असते, पण त्याने करदात्याचा आणि मजुराचा दोघांचाही विश्वास तुटतो. करदात्याला वाटते, आपण उगाच भरतो. मजुराला ग्रामपंचायतीत सांगितले जाते की निधी आलेला नाही. दोघांनाही एकच हिशेब दाखवला, तर ही तक्रार मिटेल. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. दर अर्थसंकल्पासोबत एक पान पुरेसे आहे : व्यवसाय कर आणि उपकरांतून किती आले, सरकारने आपला समान वाटा किती घातला, निधीत प्रत्यक्ष किती वर्ग झाले आणि त्यातले मजुरीवर किती गेले. विधिमंडळाची रोजगार हमी योजना समिती आहेच. या पानावर दर वर्षी सभागृहात चर्चा घडवून आणणे तिचे पहिले काम असायला हवे.

हा प्रश्न आता जास्त निकडीचा झाला आहे. डिसेंबर 2025 मध्ये संसदेने मनरेगाच्या जागी नवा कायदा मंजूर केला. त्यात हमीचे दिवस 125 झाले, पण बहुतेक राज्यांना खर्चाचा 40 टक्के वाटा उचलावा लागणार आहे. इतर राज्यांना हा पैसा नव्याने शोधावा लागेल. महाराष्ट्राकडे याच कामासाठी बसवलेला कर पन्नास वर्षांपासून आहे. तो वर्षभरात पूर्ण वर्ग करण्याचे बंधन अधिनियमात घातले, तर काम मागणाऱ्याला ‘निधी नाही’ हे उत्तर देण्याची सोय उरणार नाही. नव्या कायद्यातल्या बाकीच्या तरतुदी मोजमापाच्या लेखांकानंतर सविस्तर येतील.