कॉलेजचे मैदान आणि क्लबची खुर्ची

जत्रेत तमाशाचा तंबू लागला की पुढे खुर्च्या आणि मागे जमीन, असे दोन दर असायचे. टूरिंग टॉकीजमध्ये हाच हिशेब उलटा. तेथे जमीन पडद्याजवळ, आणि जास्त पैसे मोजणारा माणूस मागे खुर्चीवर. म्हणजे बसण्याच्या जागेला भाव असतो ही गोष्ट आपल्याला कुणी नव्याने शिकवायला नको. आज जे सांगायचे आहे ते मात्र जरा निराळे आहे. शाळा-कॉलेजच्या मैदानात, जेथे पोरं शिकायला आणि खेळायला येतात, तेथे पैसेवाल्या प्रेक्षकांसाठी सजवलेला खास क्लब बांधावा काय? बांधला तर त्याचे पैसे कोठून येतात, कोठे जातात, आणि पायरीवरच्या माणसाचे काय होते?

ही चाल मुख्यतः अमेरिकेतली. तिकडे कॉलेजचा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात धरून पळायचा, अंगावर चिलखतासारखी गादी चढवून खेळायचा तो धसमुसळा खेळ. एकेका विद्यापीठाच्या मैदानात लाख-लाख माणूस बसते. मिशिगन विद्यापीठाचे मैदान १९२७ साली उघडले. ते कसे उभे राहिले हे ऐकण्यासारखे आहे. विद्यापीठाच्या क्रीडा-विभागाचे प्रमुख फील्डिंग योस्ट यांनी पाचशे-पाचशे डॉलरचे रोखे विकले. रोखा घेणाऱ्याला व्याज तर मिळेच, शिवाय पुढील काही वर्षे सामन्याची तिकिटे विकत घेण्याचा हक्कही मिळे. म्हणजे जागेचा हक्क आणि भांडवल यांची गाठ तेथे शंभर वर्षांपूर्वीच मारली गेली.

पुढे त्याच हक्काला छप्पर आले, काच आली, गादीची खुर्ची आली, खाण्यापिण्याचे टेबल आले. २०१० साली मिशिगनने सुमारे साडेबावीस कोटी डॉलर खर्चून मैदानाच्या दोन्ही अंगांना उंच इमारती चढवल्या. त्यांत ऐंशीहून अधिक काचबंद खोल्या आणि सुमारे तीन हजार क्लबच्या खुर्च्या. आता तर नुसती गादी पुरत नाही. क्लबला काही तरी ‘थीम’ हवी, म्हणजे एखादा विषय धरून केलेली सजावट: संस्थेचा जुना इतिहास, गावचा धंदा, गाजलेला संघ. डॅलसजवळ २००९ साली उघडलेल्या व्यावसायिक मैदानात खेळाडू क्लबच्या दालनामधूनच चालत मैदानात उतरतात. इंग्लंडात मँचेस्टर सिटीने २०१७ साली खेळाडूंच्या वाटेला काचेची भिंत लावली; पलीकडे पाहुणे जेवत बसलेले, अलीकडे खेळाडू रांगेत उभे! लग्नात नवरदेव घोड्यावर चढताना बघायला गर्दी होते, त्यातलाच हा प्रकार. फक्त येथे बघण्याचे पैसे पडतात.

हे सगळे कशासाठी, असा प्रश्न कुणीही विचारील. त्याचे उत्तर हिशेबात आहे. समजा, एका मैदानात चारशे माणसांच्या पायऱ्या आहेत. तिकीट पन्नास रुपये, आणि वर्षात सात सामने. सगळी तिकिटे खपली तर एक लाख चाळीस हजार रुपये येतील. आता त्याच जागी शंभर गादीच्या खुर्च्या टाकल्या आणि खुर्चीमागे वर्षाचे सहा हजार घेतले, तर सहा लाख येतील. त्यातून जेवणखाण, वाढपी, वीज, झाडलोट यांचे दोन लाख वजा करा. राहिले चार लाख. पूर्वीपेक्षा दोन लाख साठ हजार जास्त. येथवर ऐकून संचालक मंडळी टाळ्या वाजवतात. परंतु बांधकामाला चाळीस लाख लागले असतील, तर व्याज सोडूनही ते फिटायला पंधरा वर्षांच्या वर लागतील. त्यात तीन-चार वर्षे संघ हरतच गेला तर खुर्च्या रिकाम्या राहतात. कर्ज मात्र हरत नाही. आणि तीनशे माणसे बाहेर गेली, ती कुठल्याच वहीत लिहिली जात नाहीत.

शिवाय घरच्या मैदानावरचे सामने वर्षाकाठी सात-आठच. बाकीचे साडेतीनशे दिवस ते दालन करायचे काय? म्हणून तिकडे क्लबची दालने लग्नकार्याला, सभा-परिषदांना भाड्याने देतात. आपल्याकडे मंगल कार्यालय बांधून जे साधते, तेच.

आणखी एक गंमत सांगतो, कारण तिच्यात या व्यवहाराचे मर्म आहे. अमेरिकेत चांगली जागा मिळवायची तर तिकिटाच्या किमतीखेरीज विद्यापीठाला देणगी द्यावी लागे. ती देणगी धर्मादाय समजून तिच्या ऐंशी टक्के रकमेवर आयकरात सूट मिळत असे. म्हणजे खुर्चीचा भाव काही अंशी सरकारी तिजोरी, अर्थात सामना कधीच न पाहणारा करदाता, भरत होता. २०१७ च्या कायद्याने ती सूट काढून घेतली. देणगी म्हणजे द्यायचे आणि विसरायचे. मोबदल्यात खुर्ची मिळत असेल तर ती खरेदीच म्हणायला हवी. आपल्याकडे बक्षीस-समारंभात पहिल्या रांगेतला सोफा कुणासाठी राखतात, हे ज्या मास्तरांनी स्वतः सतरंज्या अंथरल्या आहेत त्यांना सांगायला नकोच.

२०२५ पासून तर अमेरिकन विद्यापीठांना खेळाडूंना थेट पैसे देण्याची मुभा मिळाली आहे. पहिल्या वर्षाची मर्यादा प्रत्येक विद्यापीठाला सुमारे दोन कोटी डॉलर. एवढा पैसा आणायचा कोठून? म्हणून क्लबच्या खुर्च्यांची निकड आणखी वाढली.

आता घरी येऊ. कॉलेजच्या मैदानात असा क्लब आपल्याकडे रुजलेला नाही. पण क्लब आणि मैदान यांचे भांडण कसे पेटते हे पाहायचे तर मुंबईसारखे दुसरे उदाहरण नाही. क्रिकेट क्लब ऑफ इंडिया १९३३ साली निघाला. समुद्र हटवून काढलेली चर्चगेटजवळची जमीन त्याला मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड ब्रेबॉर्न यांच्या काळात मिळाली; दर चौरस यार्डाला साडेतेरा रुपये. पुढाकार अँथनी डिमेलो यांचा. १९३६ च्या मे महिन्यात कोनशिला बसली आणि १९३७ च्या डिसेंबरात ब्रेबॉर्न स्टेडियम उघडले. मैदान क्लबचे, म्हणून सभासदांच्या जागा आधी ठरलेल्या. मुंबईत क्रिकेट चालवणारी संस्था मात्र निराळी, मुंबई क्रिकेट असोसिएशन. कसोटी सामना आला की असोसिएशनने क्लबकडे जागा मागाव्यात, क्लबने मोजून द्याव्यात, आणि दरवेळी रुसवेफुगवे व्हावेत, असे वर्षानुवर्षे चालले. उसाच्या मळ्यात विहीर एकाची आणि पाट दुसऱ्याचा असला की जसे होते तसेच.

अखेर असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनी वेगळे मैदानच बांधायचे ठरवले. वानखेडे विदर्भातले, त्या वेळी विधानसभेचे अध्यक्ष. ब्रेबॉर्नपासून पायी जाता येईल एवढ्या अंतरावर, वास्तुकार शशी प्रभू यांच्या आराखड्यावरून, सुमारे वर्षभरात वानखेडे स्टेडियम उभे राहिले. १९७५ च्या जानेवारीत तेथे वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा काढल्या. त्याचे अभिनंदन करायला धावत गेलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारले म्हणून मोठी दंगलही झाली. ब्रेबॉर्नवरची कसोटी १९७३ नंतर जी थांबली, ती एकदम २००९ साली, श्रीलंकेविरुद्ध. जागांच्या भांडणापायी एका उत्तम मैदानाने छत्तीस वर्षे कसोटी पाहिली नाही.

येथे गोष्ट संपली असती तर बरे झाले असते. क्लबवाल्यांच्या मक्तेदारीला कंटाळून बांधलेल्या वानखेडेतही गरवारे क्लब हाउस आलेच. पुढे २०११ च्या विश्वचषकासाठी मैदानाची मोठी दुरुस्ती झाली. बाकड्यांच्या जागी सुट्या खुर्च्या आल्या, पाहुण्यांसाठी काचबंद खोल्या आल्या, आणि जेथे पूर्वी सुमारे पंचेचाळीस हजार माणसे मावत तेथे तेहतीस हजारांच्या आसपास मावू लागली. २ एप्रिल २०११ च्या अंतिम सामन्याच्या वेळी त्यांतली किती तिकिटे सर्वसाधारण माणसाला विकत मिळणार होती? सुमारे चार हजार. बाकीची असोसिएशनशी संलग्न क्लबांना आणि आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या वाट्याला. आपण सगळ्यांनी तो सामना टीव्हीवर किंवा रेडिओवरच अनुभवला, त्याचे एक कारण हे.

मिशिगन आणि मुंबई यांत एक फरक मात्र नोंदवला पाहिजे. मिशिगनने क्लबचे मजले जुन्या वाडग्याच्या बाहेर, वरच्या अंगाला चढवले. त्यामुळे २०१० नंतर एकूण जागा कमी होण्याऐवजी थोड्या वाढल्या. मुंबईत जागा मैदानाच्या चार भिंतींतच शोधावी लागली, बाहेर सरकायला रान नव्हते. मिशिगनचेही सगळे गोड होते असे नाही. श्रीमंतांच्या खोल्यांनी मैदानाचे रूप बिघडेल म्हणून तेथे वाद झाला. अपंग माजी सैनिकांच्या संघटनेने तर चाकाच्या खुर्च्यांसाठी पुरेशी जागा नाही म्हणून दावा लावला. २००८ साली तडजोड झाली आणि विद्यापीठाला तशा जागा कितीतरी पटींनी वाढवाव्या लागल्या. इतका पैसा काचेवर खर्च होत असताना एक उतार करायला कोर्ट लागावे, हे मला तरी खटकते.

याच्या अगदी उलट नमुना पाहायचा तर कोल्हापूरला जावे. राजर्षी शाहू महाराज १९०२ साली विलायतेस गेले, त्या प्रवासात त्यांनी रोमचे जुने प्रेक्षागृह पाहिले. त्यावरून खासबागेचे कुस्ती मैदान बांधले गेले, ते १९१२ साली पुरे झाले. मध्ये उंचावर हौदा आणि भोवती चढत गेलेली गोल बैठक. शेवटच्या ओळीत बसलेल्या गड्यालाही पुढच्याचा फेटा आड येत नाही आणि डाव स्पष्ट दिसतो. गादी नाही, छप्पर नाही. पण नजर कुणाचीच अडत नाही. मैदान बांधणाराने पहिला पैसा कशावर घालावा, याचे उत्तर त्या उतारात आहे.

आपल्या पाथरी, मानवत, सेलूकडे कुणी काचेचा क्लब बांधायला निघालेले नाही, हे मला ठाऊक आहे. पण शाळेला देणगीदार भेटतो, तो पॅव्हेलियन बांधून देतो म्हणतो, त्यावर नाव घालायचे असते, आणि दोन-चार रांगा ‘आमच्या माणसांसाठी’ हव्या असतात. रूप लहान, व्यवहार तोच. अशा वेळी मास्तर मंडळींनी आणि शाळा समितीने काही गोष्टी आधी विचाराव्यात. बांधकाम खेळाच्या जागेत शिरते की कडेला राहते? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेला मैदान असणे आवश्यक ठरवले आहे. ते पॅव्हेलियनखाली अर्धे गेले तर उपयोग काय? दुसरे, आपली जमीन काळी. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरूम लागेपर्यंत पाया नेला नाही तर पायऱ्या दोन उन्हाळ्यांत तडकतात. देणगीदाराचा पैसा वरच्या रंगावर आणि कमानीवर संपतो, तडे बुजवायचे शाळेकडे येते. म्हणून पायाचा खर्च अंदाजपत्रकात वेगळा लिहून घ्यावा.

तिसरी गोष्ट सर्वांत नाजूक. राखीव रांग मुलांच्या नजरेआड येऊ देऊ नये. क्रीडादिनी मुले उन्हात आणि पाहुणे मांडवात, हे आपण इतक्यांदा पाहिले आहे की आता डोळ्यांना सलतही नाही. मांडव घालायचाच तर तो पश्चिमेच्या बाजूला घालावा. दुपारनंतर सूर्य पाठीशी राहतो, सावली पुढे लांबवर पडते आणि तेवढ्याच कापडात दोन-तीन वर्ग बसतात. हक्काच्या जागा द्यायच्या असतील तर त्या किती, किती वर्षांसाठी, आणि सामना नसेल तेव्हा मैदानाची किल्ली कुणाकडे, हे ठरावाच्या वहीत लिहून खाली देणगीदाराची सही घ्यावी. तोंडी बोलण्यावर विसंबू नये. देणारा भला असतो, पण पुढे त्याची मुले येतात, समिती बदलते, मुख्याध्यापकांची बदली होते. वही मात्र कपाटात राहते, आणि पुढच्या वर्षी कुणी पहिल्या रांगेवर हक्क सांगितला तर ती काढून दाखवता येते.