मोत्याचे डालगे कसे सुटले

गेल्या वर्षी १४ एप्रिलला आमचे सारे घर जयंतीच्या मिरवणुकीला गेले. मोत्या तेव्हा चार महिन्यांचा होता. रोजच्यासारखे आम्ही त्याला डालग्याखाली झाकले, वर दगड ठेवला आणि निळे झेंडे घेऊन निघालो. रात्री परतलो तर पाण्याची वाटी पालथी, मोत्याच्या नाकावरची कातडी सोललेली, आणि पुढच्या पायाचे नख तुटून रक्त आलेले. निलंग्याचा एप्रिल, त्यात आमचे घर पत्र्याचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर दगडमातीच्या माळवदाची धास्ती घेऊन आमच्यासारख्या कितीतरी घरांनी पत्रा घातला. दुपारी त्या पत्र्याखाली माणूस बसवत नाही. कुत्र्याला तर माणसासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच अंग थंड करतो. त्याला आम्ही सात तास कोंडले होते.

आजी आमच्याबरोबरच परतली होती. ती एवढेच म्हणाली, "आज दिवस कुणाचा हाय, अन् तुमी काय करून गेलाव?"

कुत्रे आणायला आजीचाच विरोध होता, हे येथे सांगितले पाहिजे. तिच्या लहानपणी गावच्या विहिरीवर कुत्रे फिरलेले चालत असे, तिची घागर चालत नसे. महाडच्या चवदार तळ्यावर जनावरे पाणी पीत होती आणि आपल्या माणसांना बंदी होती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी तेथे पाणी प्यायले ते हा हिशेब मोडण्यासाठी. त्यामुळे आपल्यातल्या जुन्या माणसांना कुत्र्याचे लाड म्हणजे वरच्या आळीचा थाट वाटतो, आणि त्यांचे चुकते असेही आम्ही म्हणणार नाही. पण 'राजगृहा'तला फेब्रुवारी १९३४ चा कौटुंबिक फोटो पाहावा. बाबासाहेब, रमाई, यशवंत, लक्ष्मीबाई, मुकुंद, आणि त्यांच्याबरोबर त्यांचा लाडका कुत्रा टॉबी. कुत्र्याने विहीर बाटवली नव्हती आणि आपल्याला बंदीही त्याने केली नव्हती.

डालगे मुळात वाईट नाही. शहरातले लोक त्याच कामासाठी जाळीचा पिंजरा आणतात. लहान पिल्लाला अंधारी, आपल्या मापाची जागा आवडते. झोपायच्या जागी ते सहसा घाण करत नाही. वायर चावत नाही. आम्ही दोघे कामावर, मुले शाळेत, म्हणून ही सोय झाली. चूक अशी की पिल्लू वाढले, डालगे तेवढेच राहिले आणि कोंडण्याचे तास मात्र वाढत गेले. पिल्लू जितक्या महिन्यांचे, साधारण तितके तास ते लघवी धरू शकते. म्हणजे तीन महिन्यांच्या पिल्लाला फार तर तीन तास. उभे राहता, वळता, अंग ताणता येणार नाही अशा जागी जनावर कोंडणे हा तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाच आहे.

दुसऱ्या दिवसापासून दगड काढला. डालगे आडवे केले, आत वाकळ घातली आणि तोंड उघडे ठेवले. मोत्या दोन दिवस तिकडे फिरकला नाही, तिसऱ्या दिवशी आपणहून आत जाऊन झोपला. मग बाहेरची खोली रिकामी केली : चपला, मोबाईलच्या वायरी, धुण्याची पावडर, फिनेल आणि उंदराचे औषध सगळे वर ठेवले. शिजवलेल्या कोंबडीच्या हाडांचा डबाही उचलला, कारण त्या हाडांचे कुसळासारखे तुकडे होऊन घशात, आतड्यात रुततात.

खरे काम पुढे. त्याला सकाळी फिरवून आणायचे, दाराबाहेर जायचे, पाच मिनिटे ओट्यावर बसायचे आणि तो रडायच्या आत परत यायचे. मग दहा, वीस मिनिटे, तास. रडला तर दुसऱ्या दिवशी वेळ पुन्हा कमी करायचा. निघताना कुरवाळणे, निरोप घेणे बंद. आल्यावरही गडबड नाही. कुलपाची किल्ली वाजली की तो कासावीस होई, म्हणून किल्ली हातात घेऊन आम्ही परत खाली बसत असू, दिवसातून पाच-सहा वेळा. शेजाऱ्यांना वेड लागले असे वाटले असेल. एकट्या कुत्र्याचा पहिला अर्धा तास सर्वांत कठीण असतो. त्या वेळेसाठी वाकळीच्या घड्यांत भाकरीचे तुकडे लपवून ठेवायचो. हुंगत शोधण्यात त्याचे मन रमे.

अर्ध्या दिवसापर्यंत पोचायला सहा आठवडे लागले. त्यात एक चप्पल गेली. चौथ्या महिन्यापासून दुधाचे दात पडतात, सातव्यापर्यंत नवे येतात, तोवर चावणे चालणारच. धाकट्याने केरसुणी उगारली तेव्हा आम्ही त्याला कुक्कुर जातकाची गोष्ट सांगितली. राजाच्या रथाचे कातडे रात्री पावसात भिजले आणि वाड्यातल्याच कुत्र्यांनी खाल्ले. राजाने नगरातली सारी कुत्री मारायचा हुकूम दिला, वाड्यातली तेवढी वगळून! मसणवटीतल्या एका कुत्र्याने दरबारात जाऊन वाड्यातल्या कुत्र्यांना ताक आणि दर्भ खायला लावला, तेव्हा कातडे ओकून पडले. पूर्वजन्माचा भाग बाजूला ठेवावा, बाबासाहेबांचा धम्म त्यावर उभा नाही. पण रथाचे कातडे पावसात उघडे ठेवले कोणी? चप्पलही आम्हीच खाली ठेवली होती. शिवाय तासाभराने दिलेल्या माराचा संबंध कुत्र्याला चपलेशी जोडता येत नाही. तो फक्त दारातून येणाऱ्या माणसाला भिऊ लागतो.

काही पिल्ले मात्र एवढ्यानेही सावरत नाहीत. लाळ गळते, दारावर धडका बसतात, ठेवलेली भाकरी तशीच राहते. त्यांना पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावे आणि तोवर कोणाकडे तरी सोबतीला ठेवावे. डालग्यात परत घालू नये. दवाखान्यात गेलेच तर तिसऱ्या महिन्यानंतरची रेबीजची लस आणि पुढे दरवर्षीची, हेही विचारून घ्यावे. घरातल्या पिल्लाचा दात लेकराला लागला तरी जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखाना गाठावा. हळद-चुना लावू नये.

मोत्या आता दिवसभर बाहेरच्या खोलीत मोकळा असतो. दुपारी आजी येऊन त्याला अंगणात सोडते. कुरकुरत, पण येते. वीज कडाडली की तो अजूनही डालग्यात शिरतो. मागचे पाय बाहेर राहतात.