यकृताच्या रुग्णाने दुखण्यावर कोणती गोळी घ्यावी?

सिरॉसिस असलेल्या माणसाची कंबर किंवा गुडघा दुखू लागला, की घरात हमखास एक सल्ला मिळतो : ‘पॅरासिटामॉल नको, त्याने लिव्हर खराब होतं. दुसरं काहीतरी घे.’ मग मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, अ‍ॅसिक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची पट्टी येते. यकृतविकारतज्ज्ञांच्या दृष्टीने हा सल्ला नेमका उलटा आहे. यकृत कमजोर असताना त्यातल्या त्यात सुरक्षित असते ते मर्यादित मात्रेतले पॅरासिटामॉलच.

पॅरासिटामॉलची बदनामी अगदीच निराधार मात्र नाही. या औषधाचा बहुतेक भाग यकृतात निरुपद्रवी रूपात बदलतो आणि लघवीवाटे निघून जातो. साधारण ५ ते १० टक्के भाग वेगळ्या वाटेने जातो आणि त्यातून एक विषारी पदार्थ तयार होतो. यकृताच्या पेशींमधले ग्लुटाथायोन त्याला लगेच निकामी करते. एकदम खूप गोळ्या पोटात गेल्या, तर ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि मोकळे राहिलेले विष पेशींनाच मारू लागते. नेहमीच्या मात्रेत ही वेळ येत नाही.

सिरॉसिसमध्ये हेच काम संथ होते. निरोगी माणसाच्या रक्तातले पॅरासिटामॉल दोन-तीन तासांत निम्म्यावर येते; सिरॉसिसच्या रुग्णात ते त्याहून बराच वेळ रेंगाळते. म्हणून निरोगी प्रौढासाठी दिवसाला ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा असली, तरी सिरॉसिसच्या रुग्णांना सहसा २ ग्रॅमच्या आत राहायला सांगतात. ६५० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या झाल्या, की १९५० मिलिग्रॅम होतात. चौथीला जागा उरत नाही. रोज दारू पिणाऱ्यांमध्ये ती विषारी वाट अधिक वाहती असते, आणि खाणेपिणे तुटलेल्या माणसाकडे ग्लुटाथायोनही कमी असते. त्यांना याहून कमी मात्रा लागू शकते.

आता ‘दुसऱ्या’ गोळ्यांकडे पाहू. त्यांचा मोठा धोका यकृताला नसून मूत्रपिंडाला आहे. सिरॉसिसमध्ये आतड्यांकडच्या रक्तवाहिन्या सैलावतात आणि बरेचसे रक्त तिथेच अडकून राहते. शरीराला वाटते, रक्त कमी पडले. मग ते मूत्रपिंडाच्या रक्तवाहिन्या आवळू लागते. अशा वेळी त्या वाहिन्या उघड्या ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची रसायने करतात. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन यांचे दुखणे थांबवण्याचे तंत्र म्हणजे हीच रसायने बनू न देणे! दुखणे कमी होते. पण मूत्रपिंडाचा आधारही निघून जातो. लघवी कमी होते, क्रिएटिनिन वाढते, पोटातले पाणी वाढते आणि लघवी होण्याच्या गोळ्यांचा उपयोग होईनासा होतो. आधीच पोटात पाणी असलेल्या रुग्णात दोन-चार दिवसांच्या गोळ्याही हे घडवू शकतात.

याच गोळ्या जठराचे अस्तर दुबळे करतात आणि प्लेटलेटच्या कामात अडथळा आणतात. सिरॉसिसच्या अनेक रुग्णांत प्लेटलेट आधीच कमी असतात, अन्ननलिकेतल्या शिरा फुगलेल्या असतात. तिथून रक्तस्राव सुरू झाला तर जिवावर बेतते. त्यातच ही औषधे रक्तात अल्ब्युमिनला चिकटून फिरतात. ते यकृतच बनवते. ते घटले, की मोकळ्या औषधाचे प्रमाण वाढते.

ट्रमाडॉल किंवा मॉर्फीनसारख्या तीव्र औषधांची गोष्ट आणखी निराळी. गोळीतले मॉर्फीन सर्व शरीरात पोहोचण्याआधी यकृतातून जाते आणि तिथे त्याचा मोठा भाग निष्प्रभ होतो. हा जकातनाका ढिला पडला, की तीच गोळी जास्त चढते. गुंगी येते, बद्धकोष्ठ होते, आणि आतड्यात साचलेल्या घाणीमुळे रुग्ण बरळू लागतो. कोडीनचे उलट होते : त्याचे मॉर्फीन यकृतातच बनते, त्यामुळे आजारी यकृतात ते पुरेसे लागूच पडत नाही. ही औषधे डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घेऊच नयेत.

‘एसजीपीटी तर नॉर्मल आहे’ हा दिलासाही इथे फसवा ठरतो. तो आकडा पेशींची मोडतोड दाखवतो, यकृताची काम करण्याची ताकद नव्हे. ती कळते अल्ब्युमिन, बिलिरुबिन आणि आयएनआर यांवरून. उलट, केवळ फॅटी लिव्हर असलेल्या आणि ही ताकद शाबूत असलेल्या माणसाला पॅरासिटामॉलच्या नेहमीच्या मात्रेची सहसा धास्ती घ्यावी लागत नाही.

पंचाईत होते ती मिश्र गोळ्यांमुळे. आपल्याकडे अ‍ॅसिक्लोफिनॅक आणि पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल अशा जोड्या एकाच गोळीत मिळतात. सर्दीच्या बहुतेक गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतेच. पाठदुखीची एक, सर्दीची एक आणि तापाची ६५० अशी तीन नावे घेणारा रुग्ण नकळत एकच औषध तीनदा घेत असू शकतो. पट्टीच्या मागे घटकांची नावे बारीक अक्षरात असतात. वाचता येत नसतील तर मेडिकलवाल्याकडून वाचून घ्यावीत, आणि त्याला आधी सांगावे, की रुग्णाला सिरॉसिस आहे.