फळझाडांत बाहेरचे जनुक कसे घालतात? : हवाईतील पपईची हकीकत

पपईच्या कोवळ्या पानांवर पिवळे-हिरवे चट्टे पडतात, पुढे पाने दोरीसारखी अरुंद होतात, देठांवर व बुंध्याच्या वरच्या भागावर तेलकट रेषा उमटतात आणि फळांवर गोल कडी दिसू लागतात. ही लक्षणे आपल्याकडील पपई उत्पादकांस नवी नाहीत. हा रिंगस्पॉट नावाचा विषाणुजन्य रोग होय. रोगट झाडाची फळे लहान राहतात व त्यांची गोडी कमी होते. झाडास एकदा रोग जडला की तो कोणत्याही औषधाने बरा होत नाही. याच रोगामुळे एका बेटावरील शेतकऱ्यांवर मोठे संकट ओढवले आणि त्यातूनच जनुक घालून तयार केलेले एक फळझाड प्रथमच शेतावर मोठ्या प्रमाणात लावले गेले.

अमेरिकेच्या हवाई राज्यात पूर्वी ओआहू बेटावर पपई होत असे. तेथे रोग पसरल्यावर १९६० च्या सुमारास ही लागवड हवाई बेटावरील पुना भागात हलली आणि पुढे राज्यातील सुमारे ९५ टक्के पपई त्या एकाच भागातून येऊ लागली. १९९२ साली विषाणु पुना येथेही पोहोचला. रोगट झाडे तोडण्याची मोहीम काढण्यात आली. परंतु १९९४ च्या अखेरीस रोग आटोक्याबाहेर गेल्याचे मान्य करावे लागले. १९९२ साली पुना येथे ५३ दशलक्ष पौंड पपई निघाली होती, ती १९९८ पर्यंत निम्म्यावर आली. कित्येकांनी बागा मोडल्या.

सुदैवाने उपायाचे काम त्यापूर्वीच हाती घेतले गेले होते. हवाईतच वाढलेले कॉर्नेल विद्यापीठातील शास्त्रज्ञ डेनिस गोन्सालविस व त्यांचे सहकारी यांनी विषाणूचे एक जनुक पपईत घालण्याचे ठरविले. विषाणूच्या अंगावर प्रथिनाचे कवच असते. त्या कवचाचे हे जनुक. रोगाचाच अंश झाडात घालावयाचा हे वाचकांस चमत्कारिक वाटेल. पण एकट्या कवचाच्या जनुकाने रोग होत नाही. उलट, या जनुकाच्या संदेशाशी जुळणारा कोणताही संदेश नष्ट करण्याची पेशीस जणू सवय लागते, आणि पुढे खरा विषाणु शिरला की त्याचाही तोच शेवट होतो.

आता हे जनुक पेशीत नेले कसे? टंगस्टन धातूच्या अतिसूक्ष्म कणांवर जनुकाचा लेप देऊन ते कण वेगाने पपईच्या भ्रूणपेशींवर सोडण्यात आले. या साधनास ‘जनुक-बंदूक’ म्हणतात. प्रथमची बंदूक खरोखरच दारूच्या स्फोटावर चालत असे. मारा झालेल्या पेशींपैकी फारच थोड्यांत जनुक टिकते. त्या निवडण्यासाठी सोबत दुसरे एक जनुक घातलेले असते, ज्यामुळे कानामायसिन या औषधाच्या माध्यमातही त्या पेशी जगतात व बाकीच्या मागे पडतात. अशा निवडीतून मिळालेल्या ५५-१ या एकाच वाणरेषेपासून ‘सनअप’ ही तांबड्या गराची जात व तिचा ‘कपोहो’ जातीशी संकर करून पिवळ्या गराची ‘रेनबो’ जात निघाली. पुना येथील १९९५ च्या चाचणीत शेजारची साधी झाडे वर्षाच्या आत रोगाने ग्रासली. ही मात्र निरोगी राहिली. शासकीय तपासण्या पूर्ण झाल्यावर १९९८ साली शेतकऱ्यांना बियाणे वाटण्यात आले.

दुसरी रीत जिवाणूंची. द्राक्ष, गुलाब इत्यादींच्या बुंध्यावर गाठी आणणारा अ‍ॅग्रोबॅक्टेरियम हा जिवाणु आपल्या जनुकांचा एक तुकडा झाडाच्या पेशीत घालतो, व त्यामुळेच गाठ वाढते. गाठ आणणारी जनुके काढून त्या जागी हवे ते जनुक ठेवले की जिवाणु ते नेऊन पोहोचवितो. अमेरिकेतील ‘हनीस्वीट’ आलुबुखार व कापल्यावर काळे न पडणारे सफरचंद याच रीतीने झाले.

मात्र फळझाडांत एक मोठी अडचण आहे. हापूसची कोय लावली तर हापूसच येईल असे नाही. म्हणून आपण कलम करतो. तोच न्याय येथे लागू पडतो. आलुबुखाराच्या बियांतील अंकुरावर प्रयोग झाला, तेव्हा मूळ जात न मिळता नवे झाड मिळाले. सफरचंदाच्या पानांच्या तुकड्यांपासून रोपे वाढविली, म्हणून त्यांची जात कायम राहिली. पानाच्या तुकड्यापासून अखंड रोप उभे करणे पुष्कळ फळझाडांत अजून जमत नाही, आणि जमले तरी फळ दिसण्यास वर्षे लागतात. पपई वर्षाच्या आत फळते व बियांपासून वाढते, हे तिच्या यशाचे एक कारण होय.

हवाईचे बी येथे आणून लावावे काय, असा प्रश्न ग्रामकार्यकर्त्यांस विचारला जाईल. त्याचे उत्तर नकारार्थी द्यावे. भारतात अशा वाणास केंद्र सरकारच्या परवानगीवाचून लावता येत नाही, व पपईस ती मिळालेली नाही. शिवाय रेनबोची प्रतिकारशक्ती हवाईतील विषाणूपुरती आहे. इतर देशांतील पुष्कळ प्रकारांपुढे ती टिकत नाही. रेनबोचे बी धरले तर चार रोपांत सरासरी एकात ते जनुकच नसते. ‘रोग न येणारे परदेशी बी’ म्हणून कोणी पुडी विकू लागल्यास ती घेऊ नये.

तोवर आपल्या हाती आहे ते करावे. रोपे कीटकरोधक जाळीखाली तयार करावीत. रोगट झाड दिसताच उपटून नष्ट करावे. फळे लागली आहेत म्हणून ठेवू नये. बागेजवळ काकडी, भोपळा इत्यादी वेलभाज्या घेऊ नयेत. कडेने मक्याच्या दाट ओळी लावाव्यात. मावा पानास सोंड टोचून काही क्षणांतच विषाणु सोडतो, म्हणजे फवाऱ्याने तो मरण्यापूर्वीच रोग लागलेला असतो. यास्तव केवळ फवारणीवर भिस्त ठेवून रोगट झाडे बागेत राखू नयेत.