चढणीचे मासे आणि निसरडा काठ

मृगाचा पहिला जोरदार पाऊस झाला की मावळ-मुळशीतल्या ओढ्यांना तांबूस, गढूळ पाणी येते. त्याच रात्री बॅटऱ्या, टोपल्या आणि जुन्या मच्छरदाण्या घेऊन माणसे ओढ्याकाठी जमतात. चढणीचे मासे धरायचे असतात! कोकणात यांनाच वळगणीचे मासे म्हणतात. नवे पाणी आले की नदीतले, धरणातले मासे प्रवाहाच्या उलट वर निघतात, भातखाचरांत शिरतात आणि उथळ पाण्यात हातानेही सापडतात. अलीकडे पुण्याची हौशी मंडळीही मोटारी काढून या मेळ्यात सामील होतात. ज्यांना एवढी धावपळ नको, ते रविवारी पानशेत, वरसगाव, मुळशीच्या काठावर गळ टाकून बसतात. छंद वाईट नाही. माणसाला दोन तास मुकाट बसवणारे छंद आता उरलेत किती? पण तो करताना माशाच्या जिवाचा आणि स्वतःच्याही जिवाचा विचार आपल्याकडे जरा कमीच होतो.

आधी माशाचे पाहू. हा मासा हौसेने वर चढत नाही. तो अंडी घालायला निघालेला असतो. आपल्याकडच्या बहुतेक गोड्या पाण्यातल्या माशांची वीण पहिल्या पावसाच्या वाहत्या पाण्यावर अवलंबून आहे. किलोभर वजनाच्या रोहू मादीच्या पोटात लाखाहून अधिक अंडी असतात. त्यांतली बहुतेक वाया जातात हे खरे, पण उरलेल्या मूठभरांवरच पुढच्या वर्षीचे पाणी भरायचे असते. ‘गाभोळीचा मासा चविष्ट’ म्हणून वाटेतच सगळे उचलले, तर मग दिवाळीनंतर गळाला काही लागत नाही अशी तक्रार कोणाकडे करायची? किनाऱ्यावरच्या कोळ्यांनी नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न घालण्याचा रिवाज पाळला, आणि सरकारी बंदीही जून-जुलैचीच आहे. ओढ्याच्या माशाला मात्र असा कोणी वाली नाही.

पुण्याच्या नद्यांना माशांचा मोठा वारसा आहे. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनच्या माशांची नोंद केली आणि 1839 मध्ये इथल्या म्हसीराला ‘खुद्री’ हे शास्त्रीय नाव दिले. तो नमुना चक्क पुण्याच्या पूर्वेकडच्या मुळा-मुठेतला होता! आज त्याच नदीच्या काठी नाक धरून उभे राहावे लागते. 1970च्या दशकात टाटांच्या वीज कंपनीने लोणावळ्याजवळ वळवणला म्हसीरची पैदास सुरू केली. तिथली पिले देशभर गेली, कावेरीतही गेली. हेतू चांगला होता, पण कावेरीत या पाहुण्याने तिथल्या मूळच्या कुबड असलेल्या म्हसीराला मागे रेटले, असे संशोधकांनी दाखवून दिले. 2018 मध्ये त्या मूळ म्हसीराची शास्त्रीय ओळख पक्की झाली तेव्हा तो नाहीसा होण्याच्या उंबरठ्यावर होता. म्हणून घरच्या काचपेटीतला नकोसा झालेला मासा ‘पुण्य लागेल’ म्हणून पाषाण तलावात सोडणाऱ्यांनी हात आवरावा. चिलापीने आपल्या जलाशयांत काय केले ते उजनीच्या मच्छीमारांना विचारावे.

आता आपल्या जिवाचे. धरणाचा जलाशय म्हणजे तलाव नव्हे, हे मनाशी पक्के करावे. त्याच्या पोटात बुडालेली गावे आहेत, शेते, बांध, विहिरी आहेत. गुडघाभर पाण्यात निवांत उभा असलेला माणूस एक पाऊल पुढे टाकतो, ते जुन्या बांधावरून थेट खालच्या खाचरात, आणि तिथे दोन पुरुष पाणी असते. उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी उतरते तेव्हा उघडा पडलेला गाळ याहून फसवा. वरून वाळलेला, भेगाळलेला दिसतो, आत लोणी! कमरेपर्यंत रुतलेला माणूस जितका धडपडतो तितका खाली जातो. अशा वेळी मागे रेलून, अंग पसरून, वजन वाटून घेत हळूहळू पाय मोकळे करायचे असतात.

इथे उत्तर अमेरिकेतल्या आपल्या मराठी कुटुंबांची आठवण होते. मिनेसोटात आणि कॅनडात हिवाळ्यात तळी गोठतात आणि लोक बर्फाला भोक पाडून त्यातून गळ सोडतात. तिथला रुळलेला नियम असा की माणसाने चालायला निदान 4 इंच स्वच्छ, घट्ट बर्फ हवा. पुढे जाताना पहारीने ठोकत, जागोजाग भोक पाडून जाडी मोजत जायचे. गळ्यात दोन टोकदार खुंट्या अडकवायच्या. बर्फ फुटून पाण्यात पडलात तर त्या कडेला रोवून वर यायचे. एकट्याने जायचे नाही, आणि परत कधी येणार ते घरी सांगून जायचे. एवढे करूनही तिथले सरकारी खाते बजावते की पूर्ण सुरक्षित बर्फ असा नसतोच. आपल्या गाळासाठी कोणी इंचांचा नियम केलेला नाही, पण हातात लांब काठी घेऊन ती टोचत चालायला पैसे पडत नाहीत.

बुडण्याच्या बातम्या वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. पाय एकाचा घसरतो आणि जातात तिघे-चौघे, कारण एकाला वाचवायला दुसरा उडी घेतो. बुडणारा माणूस मिठी मारतो आणि पट्टीच्या पोहणाऱ्यालाही खाली नेतो. उडी मारू नये, काहीतरी फेकावे: दोर, फांदी, ओढणी. तेलाचा पाच लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावून दोराला बांधलेला, माणसाला तरंगत ठेवू शकतो. गळाच्या पिशवीत तो असायलाच हवा. मुले बरोबर असतील तर लाइफ जॅकेटही.

पाणी वरून येते हेही विसरू नये. खाली ऊन असते आणि घाटमाथ्यावर पाऊस कोसळत असतो. 30 जून 2024 रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाचजण डोळ्यांदेखत वाहून गेले. त्याच वर्षी 25 जुलैला खडकवासल्यातून सोडलेल्या पाण्याने सिंहगड रस्त्यावरच्या सोसायट्यांत शिरकाव केला. विसर्ग वाढतो तेव्हा मुठेच्या पात्रातल्या खडकावर गळ घेऊन बसलेल्याला विचार करायला फारसा वेळ मिळत नाही. आणि वळवाच्या विजा कडाडत असताना कार्बनची लांब काठी हातात धरणे म्हणजे उघड्यावर विजेला आमंत्रण. ती खाली ठेवून मोटारीत बसावे.

तोटे उडवून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे 1897 च्या कायद्यानेच गुन्हा आहे. विजेच्या तारेवर आकडा टाकून ओढ्यात करंट सोडणारे तर माशांबरोबर खाली कपडे धुणाऱ्या बाईचाही जीव धोक्यात घालतात. धरणांतल्या मासेमारीचे हक्क बहुतेक ठिकाणी मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतात. हौशी माणसाने त्यांना विचारून बसावे. शिवाय पाणी कुठे खोल आहे ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक? तुटलेली तंगूस काठावर टाकू नये, बगळ्यांच्या पायांत ती अडकते. लहान मासा सोडायचा असेल तर आधी हात ओले करावेत, कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचे चिकट कवच निघते.

महाड तालुक्यात काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तिथले म्हसीर देवीचे मानले जातात. भाविकांनी कुरमुरे टाकले की हातभर लांबीचे मासे थव्याने वर येतात. त्या डोहात कोणी गळ टाकत नाही.